दर्याकाठची विचारपूस

श्रावणातली पौर्णिमा जवळ आली की कोकणच्या किनाऱ्याला वेगळीच जाग येते. दोन महिने वाळूवर ओढून ठेवलेल्या, ताडपत्रीखाली विसावलेल्या होड्यांना नवा रंग चढतो, फाटक्या जाळ्यांच्या गाठी पुन्हा बांधून होतात, इंजिनांची दुरुस्ती आटोपते आणि डिझेल-बर्फाचे हिशेब मांडले जातात. पौर्णिमेच्या दिवशी कोळीवाड्यांतून वाजतगाजत मिरवणूक निघते, सोनेरी कागदात मढवलेला नारळ दर्याला अर्पण होतो आणि धन्याला, पोराला, भावाला सुखरूप परत आण असे त्या अथांग पाण्याला हात जोडून सांगितले जाते. किनाऱ्यापासून शेकडो कोस दूर राहणारे आपणही त्या दिवशी नारळीभात करतो, भावाला राखी बांधतो आणि समुद्र ज्याने कधी डोळ्यांनी पाहिला नाही असा माणूसही त्या नारळाच्या गोडव्यात क्षणभर समुद्राचा होतो.

सणाचे हे रूप आपल्याला इतके परिचयाचे आहे की त्याच्या पोटात दडलेल्या शहाणपणाकडे सहसा आपले लक्ष जात नाही. पौर्णिमेपर्यंत दर्यात जायचे नाही, हा दंडक वादळवाऱ्यापासून माणसाला वाचवणारा होता, तसाच माशांना विणीसाठी उसंत देणाराही होता. आज महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची मासेमारी बंदी कायद्याने पाळली जाते. पौर्णिमा मात्र चंद्राच्या हिशेबाने कधी ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात येते, तर कधी पार महिनाअखेरीपर्यंत लांबते. त्यामुळे कॅलेंडरने बंदी उठलेली आणि रूढीने अजून न उठलेली, असे काही दिवस दरवर्षी मध्ये उरतात. बंदी पौर्णिमेपर्यंत वाढवा, अशी मागणी काही मच्छीमार संस्थांनीच वेळोवेळी केली आहे. मासळी कमी होते आहे हे ज्यांच्या हाताला सर्वांत आधी कळले, त्यांचीच ही मागणी आहे, हे आपण ध्यानात ठेवलेले बरे.

निरीक्षण आणि श्रद्धा यांची आपल्या किनाऱ्यावर फारकत नव्हतीच. मुंबईपासून खाली कोकणात आजही म्हातारीकोतारी माणसे एक हिशेब सांगतात. ज्या पक्षातली जी तिथी असेल तिची पाऊणपट करा, जेवढे येईल तेवढ्या वाजण्याच्या सुमारास भरती. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा आणि पौर्णिमेला सव्वाअकराच्या आगेमागे. पुढे सहा तासांनी ओहोटी. या पाऊणपटीमागचे गणित आधुनिक विज्ञानाशी किती नेमके जुळते, पाहा. चंद्र रोज थोडा उशिरा उगवतो आणि त्यामुळे भरतीही दररोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. पाऊण तास म्हणजे पंचेचाळीस मिनिटे. रोजच्या सरकण्यातला फरक केवळ काही मिनिटांचा आहे. चांगला तांडेल घड्याळ न बघता उधाण कधी, भांग कधी आणि खाडीच्या तोंडाशी होडी कधी न्यायची हे सांगतो, त्यामागे पिढ्यान्‌पिढ्या कोणी तरी पाण्याकडे टक लावून बघितलेले असते.

तेव्हा समुद्राचा अभ्यास ही बाहेरून आलेली गोष्ट आहे, असे आपण मानण्याचे कारण नाही. झाले असे की, अभ्यासाची साधने वाढली, अभ्यास खोल गेला आणि त्या खोलीबरोबर तो आपल्यापासून दूरही गेला. हिंदी महासागराच्या पहिल्या आंतरराष्ट्रीय संशोधन मोहिमेतून प्रेरणा घेऊन १ जानेवारी १९६६ रोजी राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था स्थापन झाली. गोव्यात दोनापावला येथे, मांडवी आणि झुआरी या दोन नद्या जिथे समुद्राला भेटतात त्या टोकावर, ती उभी आहे. कोचीला केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्था आहे, वर्सोव्याला केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्था आहे, हैदराबादेतून समुद्राच्या लाटांचे आणि संभाव्य मासळीच्या क्षेत्रांचे अंदाज दिले जातात आणि पुण्यात पाषाणच्या टेकडीशेजारी बसून शास्त्रज्ञ अरबी समुद्राच्या वाढत्या तापमानाचा माग काढतात. एवढे सारे ज्ञान आपल्या हाताच्या अंतरावर जमा होत असताना आपल्यातल्या किती जणांना त्यातले काही ठाऊक असते?

एकच उदाहरण घेऊ, तेही याच दिवसांतले. नारळी पौर्णिमेला समुद्र शांत होऊ लागतो, असे आपण म्हणतो आणि पृष्ठभागापुरते ते खरेही असते. पण दोनापावल्याचे शास्त्रज्ञ गोव्यात कांदोळीसमोरच्या उथळ समुद्रात वर्षानुवर्षे, ठरलेल्या ठिकाणी जाऊन पाण्याचे नमुने घेत आले आहेत आणि त्यांना तिथे याच ऋतूत निराळे चित्र दिसते. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या काळात खोलवरचे थंड पाणी किनाऱ्याच्या उथळ पट्ट्यावर चढून येते. त्यात पोषक द्रव्ये भरपूर असतात, प्राणवायू मात्र आधीच रोडावलेला असतो. वरून पावसाचे आणि नद्यांचे गोडे, हलके पाणी पातळ थरासारखे पसरते आणि खालच्या पाण्याला हवेपासून तोडते. पोषक द्रव्यांवर पोसलेल्या सूक्ष्म वनस्पती मरून तळाशी जातात, तिथे कुजतात आणि उरलासुरला प्राणवायूही संपवतात. सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास तळालगतचे पाणी जवळपास निष्प्राण होते. कधी कधी त्यात कुजक्या अंड्यांचा वास येणारा हायड्रोजन सल्फाइड वायूही सापडतो. पश्चिम किनाऱ्यावरचा हा प्रकार मुळात निसर्गाचाच आहे, पण शेतांतून आणि शहरांतून वाहत येणाऱ्या नत्रामुळे तो तीव्र होत असावा, अशी चिंता एस. डब्ल्यू. ए. नक्वी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली जगातल्या अग्रगण्य विज्ञानपत्रिकेत मांडली होती.

आता जरा कल्पना करा. किनाऱ्यावर पर्यटकांनी गजबजलेली खाद्यगृहे, त्यांच्यापुढे काही किलोमीटरवर हे घडते आहे आणि त्याची वार्ता त्या खाद्यगृहाच्या मालकाला नाही, ताटातले कोलंबीचे कालवण खाणाऱ्याला नाही, कित्येकदा जाळे टाकणाऱ्यालाही नाही. त्याला एवढेच कळते की अमुक ठिकाणी या दिवसांत काही लागत नाही. शास्त्रज्ञाकडे कारण आहे आणि खलाशाकडे अनुभव आहे, मात्र दोघांची गाठ पडायला जागा नाही. ही जागा निर्माण करणे हे आपल्या काळाचे एक साधेसुधे, पण अगत्याचे काम आहे, असे आम्हाला वाटते.

अशा जागा कशा असतात, याची उदाहरणे आहेत. इंग्लंडमध्ये लीड्स शहरात १९९८ साली डंकन डॅलस यांनी विज्ञानाला चहा-कॉफीच्या दुकानात आणून बसवले. एक शास्त्रज्ञ थोडा वेळ बोलतो, मग कप भरले जातात आणि उरलेला वेळ प्रश्नांचा असतो. तिथून ही प्रथा जगभर गेली. आपल्याला तिचे अप्रूप वाटण्याचे फारसे कारण नाही. व्याख्यानमालांची आणि देवळाच्या ओसरीवर रंगणाऱ्या चर्चांची परंपरा आपल्या अंगवळणी पडलेली आहे. मराठी विज्ञान परिषदेचा जन्मही १९६६ चा, म्हणजे समुद्रविज्ञान संस्थेच्याच वयाचा. आपल्याकडे कट्टा आहे, पार आहे, चावडी आहे. उणीव आहे ती त्या कट्ट्यावर समुद्राला बोलावण्याची.

मुंबईत ते बोलावणे २०१७ पासून नियमाने होऊ लागले आहे. प्रदीप पाताडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुरू केलेल्या ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’ या उपक्रमात ओहोटीच्या वेळी गिरगाव, हाजी अली, जुहू, वांद्रे अशा किनाऱ्यांवर फेरफटके होतात. समुद्र मागे सरला की काळ्या खडकांच्या बेचक्यांत ओंजळभर पाणी अडकून राहते. वाकून पाहिले तर त्यात हिरवट-जांभळ्या रंगाचा एक फुलासारखा प्राणी आपली नाजूक बोटे पसरून बसलेला असतो. जवळच कोणाच्या तरी रिकाम्या शंखात घर केलेला खेकडा आपला संसार पाठीवर घेऊन चालतो आहे. खडकाला चिकटलेले पांढरे बार्नेकल इवल्या झाकणांची दारे लावून भरतीची वाट बघत आहेत. अशा डबक्याभोवती शाळकरी मुले, त्यांच्या आया, सेवानिवृत्त काका, वाट चुकून आलेला एखादा भेळवाला असे सारे उकिडवे बसलेले असतात आणि मध्ये बसून कोणी जीवशास्त्राची विद्यार्थिनी हलक्या आवाजात सांगत असते की याला हात लावू नका, हा प्राणी आहे, झाड नाही. हमखास कोणी तरी विचारतो, “हे खातात का हो?” कोणी हसत नाही. कारण किनाऱ्यावरच्या माणसाने पाण्यातल्या जिवाबद्दल विचारलेला सर्वांत जुना प्रश्न हाच असावा आणि पुढचे सारे प्रश्न याच्याच मागून येतात.

या प्रश्नाला सभागृहात जागा नसते. सभागृहात बसलेला माणूस आपला प्रश्न बावळट तर ठरणार नाही ना, इंग्रजीत विचारावा लागेल का, पुढच्या रांगेतले काय म्हणतील, या विचारात गुंततो आणि गप्प राहतो. खडकावर उकिडवे बसले की ही भीड चेपते. शास्त्रज्ञाच्या पायालाही तोच चिखल लागलेला असतो. त्याला ‘अजून कळलेले नाही’ असे म्हणता येते आणि ऐकणाऱ्याला त्यात कमीपणा दिसत नाही. विज्ञान म्हणजे उत्तरांची पोथी असा आपला जो शाळेपासूनचा समज आहे, तो दूर व्हायला याहून चांगली शाळा कुठली?

या गप्पांचा उपयोग मनोरंजनापुरता नाही, हे मुंबईने एकदा चांगलेच अनुभवले आहे. २०१३ च्या गणेशोत्सवात गिरगाव चौपाटीवर विसर्जनासाठी पाण्यात उतरलेल्या अनेक भक्तांना पाकटांनी डंख मारले आणि एकच घबराट उडाली. पाकट उथळ पाण्यात वाळूखाली पडून असते आणि अंगावर पाय पडला की शेपटीचा काटा मारते. पाय उचलून टाकण्याऐवजी वाळूवरून घासत चालले की ते आधीच बाजूला होते, आणि काटा लागलाच तर सोसेल तितक्या गरम पाण्यात पाय बुडवला की वेदना उतरतात, मग दवाखाना गाठायचा, हे ज्याला माहीत आहे त्याला घाबरायचे कारण उरत नाही. कोळ्यांना हे पूर्वापार ठाऊक होते आणि सागरी जीवशास्त्रही हेच सांगते. शहराला ते ठाऊक नव्हते, कारण शहराने किनाऱ्याशी बोलणे सोडले होते.

ज्ञान दोन्ही बाजूंनी वाहते तेव्हा काय घडते, हे पाहायचे तर मंडणगड तालुक्यातल्या वेळासला जावे. २००२ मध्ये सह्याद्री निसर्गमित्र या चिपळूणच्या संस्थेने तिथे ऑलिव्ह रिडले कासवांच्या अंड्यांचे संरक्षण सुरू केले आणि २००६ पासून कासव महोत्सव भरू लागला. जी अंडी पूर्वी उकरून नेली जात, त्यांची राखण गावकरीच करू लागले. पाहुणे गावातल्या घरांत उतरतात, तिथलीच आमटी-भाकरी जेवतात आणि भल्या पहाटे किनाऱ्यावरच्या कुंपणापाशी जमतात. घरट्यावरची टोपली उचलली की वाळूतून डोके काढलेली, तळहाताहून लहान पिल्ले दिसतात आणि मग ती लाटांच्या दिशेने निघतात. वाट पाहण्याच्या त्या अर्ध्या तासात जे बोलले जाते, तेच खरे व्याख्यान. कासवाचे पिल्लू नर होणार की मादी हे वाळूच्या उष्णतेवर ठरते, वाळू जास्त तापली तर माद्याच अधिक निपजतात, एवढे एक वाक्य ऐकले तरी हवामानबदल हा शब्द वर्तमानपत्रातून उठून पायाखालच्या वाळूत येतो.

याच वेळासच्या किनाऱ्यावर जानेवारी २०२२ मध्ये एका कासविणीच्या पाठीवर उपग्रहाशी संपर्क साधणारे यंत्र बसवण्यात आले आणि तिचे नाव ठेवले गेले ‘प्रथमा’. मागोमाग सावनी, रेवा, लक्ष्मी, वनश्री आल्या. भारतीय वन्यजीव संस्था आणि राज्याचा कांदळवन विभाग यांचे हे काम. नावे ठेवली आणि लोकांची विचारपूस सुरू झाली: प्रथमा कुठे पोहोचली, रेवा अजून दिसते आहे का. आकड्यांनी ओळखले जाणारे प्राणी नावांनी घरातले झाले. पुढे गुहागरहून सोडलेली बागेश्री श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात शिरली, आणि २०२१ मध्ये ओडिशाच्या किनाऱ्यावर बिल्ला लावलेली एक कासवीण २०२५ च्या आरंभी गुहागरच्या वाळूत अंडी घालताना सापडली. पूर्व आणि पश्चिम किनाऱ्यांवरची कासवे वेगवेगळी, अशी जी धारणा होती तिला या एका बिल्ल्याने धक्का दिला. तो बिल्ला रात्रीच्या अंधारात दिसला, कारण तिथे किनाऱ्यावर फिरणारी, बिल्ला म्हणजे काय हे जाणणारी माणसे होती. प्रयोगशाळेत बसून ही नोंद कोणालाही करता आली नसती.

ससून डॉकला किंवा भाऊच्या धक्क्यावर पहाटे गेलो तर याच देवघेवीचे आणखी एक रूप दिसते. बर्फाच्या चुऱ्यात, ओरडाआरडीत आणि टोपल्यांच्या गर्दीत कोणी संशोधक पट्टी घेऊन मासे मोजत उभा असतो. कुठल्या बोटीने किती दिवसांत काय आणले, जाळे कुठले, पाणी किती खोल, असे विचारत असतो. देशाच्या मासळीचे अंदाज अशाच ठिकठिकाणच्या धक्क्यांवरच्या पहाटेतून तयार होतात. त्याला टोपलीवाली मावशी कधी तरी विचारतेच, “काय रे बाबा, रोज काय मोजतोस?” आणि तो सांगतो की एवढेसे पापलेट अजून एकदाही व्यालेले नाही, ते आज विकले तर उद्याचे पापलेट कुठून येणार. घोळ किंवा ढोमा यांच्या डोक्यात जो पांढरा खडा सापडतो, जो आपण जेवताना ताटाच्या कडेला काढून ठेवतो, त्यात झाडाच्या खोडातल्यासारखी वाढीची वर्तुळे असतात आणि त्यावरून माशाचे वय काढतात, हेही तो दाखवतो. मावशीने तो खडा हजार वेळा पाहिलेला असतो. त्या दिवशी ती तो उजेडात धरून पुन्हा बघते.

शासनाने २०२३ मध्ये पापलेटला राज्य मासा म्हणून मान दिला आणि त्याच वर्षी ५४ प्रजातींसाठी पकडण्याचा किमान आकारही ठरवून दिला. पापलेटसाठी तो १३५ मिलिमीटर आहे. शास्त्रज्ञांच्या शिफारशीवरून आलेला हा नियम कागदावर चांगला आहे. पण नियम धक्क्यावर पाळला जाईल की नाही, हे शेवटी मावशीच्या आणि त्या संशोधकाच्या संवादावर अवलंबून आहे, आणि बाजारात पिशवी घेऊन उभ्या असलेल्या आपल्यावरही. तळहातापेक्षा लहान पापलेट स्वस्तात मिळाले म्हणून आनंदाने घरी आणणारे आपणच आहोत. निरीक्षकाच्या दंडाने जे होणार नाही, ते गिऱ्हाइकाच्या ‘नको’ने होऊ शकते. तो ‘नको’ म्हणायला आधी कारण कळावे लागते.

गुजरातच्या किनाऱ्यावर याची प्रचिती आली. देवमाशाएवढा अजस्र, पण निरुपद्रवी असा व्हेल शार्क तिथे यकृताच्या तेलासाठी मोठ्या प्रमाणात मारला जात होता. २००१ मध्ये त्याला कायद्याचे संरक्षण मिळाले, पण किनाऱ्यावरचे मन वळले ते कथाकार मोरारी बापूंनी त्याला ‘व्हाली’, म्हणजे लाडकी लेक, म्हटल्यावर. बाळंतपणाला माहेरी आलेल्या लेकीला कोणी मारते का, हा सवाल कायद्याच्या कलमापेक्षा खोल रुजला आणि पुढे मच्छीमारांनी स्वतःची महागडी जाळी कापून शेकडो व्हेल शार्क सोडले. आपल्या राज्यातही जाळ्यात अडकलेले कासव, डॉल्फिन किंवा व्हेल शार्क सोडण्यासाठी जाळे कापणाऱ्या मच्छीमाराला २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई देण्याची योजना आहे. भरपाईसाठी त्याने काढलेले छायाचित्र हीच शास्त्रज्ञांसाठी मोलाची नोंद ठरते. विज्ञान, सरकार आणि श्रद्धा एका ओळीत उभी राहिली की दर्याचे काम सोपे होते.

अर्थात या उत्साहाला विवेकाचा लगाम हवा. समुद्र चमकतो आहे अशी चित्रफीत फिरली की रात्री-अपरात्री गाड्यांची रांग किनाऱ्याकडे धावते. ही निळी चमक नॉक्टिल्युकासारख्या सूक्ष्म जिवांची असते आणि त्यांची अति वाढ ही दर वेळी आनंदाची वार्ता नसते, हे सांगणारा कोणी तिथे नसेल तर गर्दी जमते आणि ज्ञान उरत नाही. कासवांच्या किनाऱ्यावर मोबाइलचे दिवे लावणारे, डबक्यातला जीव छायाचित्रासाठी तळहातावर घेणारे आपल्यातलेच असतात. लोकांत विज्ञान नेताना ते तमाशा होऊ नये, ही शास्त्रज्ञांची जबाबदारी. आणि पाहुणा म्हणून गेलेल्याने यजमानाच्या घरात कसे वागावे हे ओळखणे, ही आपली.

शास्त्रज्ञांकडूनही आपली एक रास्त अपेक्षा आहे. त्यांच्या संशोधनाचा खर्च बहुतांशी जनतेच्या पैशातून होतो. त्याचे फळ जनतेच्या भाषेत जनतेपुढे ठेवणे हा उपकार मानता येणार नाही, ते कामाचेच एक अंग आहे. संस्थांच्या चौकटीत आजही शोधनिबंधाला जी किंमत आहे ती कोळीवाड्यातल्या एका संध्याकाळीला नाही. ही किंमत बदलायला हवी. आणि बोलायला जाताना ऐकायचीही तयारी हवी. करली कुठल्या वाऱ्याला येते, जवळा कधी दाट होतो, अलीकडे कुठल्या पाण्यात जेलीफिश भरून येतात, हे डोल जाळी लावणाऱ्याला ठाऊक असते. त्याच्या माहितीवर प्रबंध उभा राहिला तर त्याचे ऋण त्यात नोंदले जावे, इतके तरी सौजन्य व्हावे.

या विचारपुशीची निकड आज पूर्वीपेक्षा अधिक आहे, कारण किनाऱ्याचे निर्णय झपाट्याने होत आहेत. मुंबईच्या किनारा रस्त्यासाठी २०२० मध्ये हाजी अली आणि वरळीची पोवळी दुसरीकडे हलवावी लागली, तेव्हा या शहराच्या किनाऱ्यावर पोवळी आहेत हेच कित्येक मुंबईकरांना पहिल्यांदा कळले. वाढवणचे बंदर उभे राहते आहे. ३ जून २०२० चे निसर्ग वादळ आणि पुढच्याच मे महिन्यातले तौक्ते यांनी तापणाऱ्या अरबी समुद्राचा स्वभाव पालटतो आहे, हे कोकणच्या नारळी-पोफळींच्या आडव्या पडलेल्या बागांतून दाखवून दिले. विकास हवा की नको, इतका ढोबळ हा प्रश्न नाही. कुठे, कसा आणि कोणाच्या किमतीवर, हे विचारायचे तर समोर काय आहे ते माहीत असावे लागते. ज्याची आपल्याला ओळखच नाही, त्याच्या बाजूने आपण साक्ष कशी देणार?

म्हणून या पौर्णिमेला दर्याला नारळ वाहताना आपण स्वतःला एक नेम घालून घेऊ. पावसाळा सरून समुद्र निवळला की कुठल्याही पौर्णिमेनंतरच्या दोन-तीन दिवसांत, उधाणाची ओहोटी खोल असते तेव्हा, घरातल्या मुलांना घेऊन जाणत्या माणसाबरोबर एकदा खडकांवर उतरू. मच्छीमार सोसायट्यांनी वर्षातून एकदा शास्त्रज्ञाला सभेच्या खुर्चीऐवजी जेट्टीवर बोलवावे आणि शास्त्रज्ञांनी आमंत्रणाची वाट न पाहताही यावे. किनाऱ्यावरच्या महाविद्यालयांनी, गणेश मंडळांनी, ग्रंथालयांनी आपल्या व्याख्यानमालेतली एक संध्याकाळ समुद्राला द्यावी. देशावरच्या गावांनीही द्यावी, कारण त्यांच्या शेतावर पडणारा पाऊस याच पाण्यातून उठून येतो. आणि पुढच्या खेपेला बाजारात पापलेट घेताना कोयता चालण्याआधी मावशीला एवढे जरूर विचारावे: किती मोठे आहे, कुठल्या पाण्यातले आहे, आणि यंदा दर्या कसा आहे?